न्यूट्रल रंगांच्या मण्यांतून उठावदार दागिना कसा घडवावा

काळा, पांढरा, राखाडी, बेज आणि तपकिरी या रंगांचे मणी निवडणे सोपे असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ते लाल-हिरवे मणी निवडण्यापेक्षा अवघड असते. ठळक रंग नसला की नजर बाकीच्या सगळ्या गोष्टी बारकाईने टिपू लागते. कोणता मणी किती गडद आहे, त्याची छटा उबदार आहे की थंड, त्याचा पृष्ठभाग चमकतो की नाही, हे लगेच दिसते. म्हणून ओवायला बसण्यापूर्वी या तिन्ही बाजूंचा विचार झालेला असावा.

पहिले काम गडद-फिकेपणा जुळवण्याचे. निवडलेले मणी राखाडी कापडावर पसरून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावेत, कारण पिवळ्या दिव्याखाली शुभ्र आणि मोतिया यांतला फरक कळत नाही. त्यानंतर मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत सगळे मणी एकाच राखाडी रंगाचे दिसले, तर ती माळ गळ्यातही सपाटच दिसणार. अशा वेळी एखादा अगदी गडद किंवा अगदी फिका मणी त्यात आणावा लागतो. मंगळसूत्रात हेच तत्त्व काम करते. बारीक काळ्या मण्यांची सलग, गडद रेघ असल्यामुळे मधल्या दोन लहानशा सोन्याच्या वाट्याही लांबून नजरेत भरतात.

छटांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पांढऱ्यात दुधी, मोतिया, हस्तिदंती आणि निळसर शुभ्र असे प्रकार असतात, आणि मोतिया मण्याशेजारी निळसर शुभ्र मणी आला की चांगला मोतीही मळकट वाटू लागतो. राखाडीतही निळ्याकडे झुकणारी आणि तपकिरीकडे झुकणारी अशा दोन जाती आहेत. पारदर्शक काळा मणी उजेडासमोर धरून पाहावा, कारण तो पुष्कळदा तपकिरी किंवा जांभळट निघतो. उबदार छटांना, म्हणजे मोतिया, बेज, चंदन, रुद्राक्ष आणि टायगर आय (सोनेरी-तपकिरी पट्ट्यांचा खडा) यांना सोनेरी किंवा तांब्याचे सामान शोभते, तर शुभ्र, निळसर राखाडी आणि गर्द काळ्या मण्यांना चांदी किंवा ऑक्सिडाइज्ड धातू. दोन्ही गट एकत्र आणायचेच असतील, तर त्यांच्यामध्ये काळा मणी घालावा म्हणजे ते एकमेकांना भिडत नाहीत. बेज मण्यांची आणखी एक अडचण अशी की त्यांची छटा अंगाच्या रंगाजवळ गेली तर माळ गळ्यात हरवते. दोन्ही बाजूंनी गडद मण्यांचा काठ दिला की ती पुन्हा उठून दिसते.

पृष्ठभागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण न्यूट्रल कामाचा खरा जीव तिथेच असतो. एकच काळा रंग मॅट, चकचकीत आणि पैलूदार अशा तीन प्रकारांत घेतला, तर दुसऱ्या रंगाची गरज न पडताही दागिना भरलेला वाटतो. चमकणारे मणी दर्शनी भागात आणि मॅट मणी त्यांच्या आसपास ठेवावेत; सगळेच चमकले तर नजर कुठेच ठरत नाही.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून 45 सेंमी लांबीची एकपदरी माळ घेऊ. तिच्यासाठी चंदेरी झाक असलेले 6 मिमीचे 20 पांढरे मोती, 4 मिमीचे 50 हेमॅटाइट (करड्या, धातूसारखी चमक असलेल्या दगडाचे मणी) आणि 11/0 मापाचे, म्हणजे सुमारे 2 मिमीचे बारीक, साधारण 70 मॅट काळे मणी लागतात. मधल्या 15 सेंमीत एक मोती, एक काळा मणी असा क्रम ठेवावा आणि दोन्ही बाजूंना 25-25 हेमॅटाइट त्याच रीतीने, एक हेमॅटाइट, एक काळा मणी असे ओवावेत. मोती संपतात त्या ठिकाणी रंग एकदम तुटू नये म्हणून शेवटच्या दोन मोत्यांच्या मध्ये एक हेमॅटाइट आधीच शिरू द्यावा. या एका मण्याने पांढऱ्यापासून करड्याकडे जाणारी वाट मऊ होते. हेमॅटाइट काचेच्या मण्यापेक्षा बराच जड असतो आणि त्याच्या भोकाची कड दोऱ्याला कापू शकते, म्हणून इथे रेशमी किंवा नायलॉनचा दोरा न वापरता गिअर वायर, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेली बारीक पोलादी तार, घ्यावी.

अशा माळेत एखादा रंग हवाच असेल, तर तो अगदी थोडा आणि एकाच जागी असावा. आपल्या नथीत शुभ्र मोत्यांच्या घोळक्यात लाल-हिरवे खडे मोजकेच असतात आणि तन्मणीत मोत्यांचे सर एकरंगी राहून सगळा रंग मधल्या खोडात, म्हणजे पदकात, एकवटतो. पोवळ्याचा एक मणी लॉकजवळ न दडवता मधोमध लोंबता ठेवला, तर मोत्यांचा पांढरेपणाही वाढल्यासारखा भासतो.

दोऱ्यावर ओवण्याचे काम असेल, तर दोऱ्याचा रंग ही शेवटची निवड असली तरी ती दुय्यम नाही. पारदर्शक मण्यांतून दोरा दिसतो. राखाडी पारदर्शक मणी पांढऱ्या दोऱ्यावर फिका आणि काळ्या दोऱ्यावर धुरकट दिसतो. म्हणून आधी दोन्ही दोऱ्यांवर दहा-दहा मणी ओवून, गळ्याशी धरून, आरशात पाहावे. काळे किंवा तपकिरी मणी रंगवलेले असण्याची शंका आली, तर ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघावे. कापडाला डाग पडला तर ते मणी मोत्यांच्या शेजारी ओवू नयेत, कारण घामाने सुटलेला रंग मोत्यांच्या भोकांपाशी बसला की तो निघता निघत नाही.