‘काही सापडलं नाही’ हे क्लायंटला कसं सांगायचं?

शोध उत्तम जमतो, डेटाबेस सराईतपणे हाताळता येतात, शोधशब्द जोडायची-वगळायची अँड-ऑर-नॉटची सगळी गणितं पाठ आहेत. तरी क्लायंट रिपोर्ट उघडतो आणि विचारतो, "बरं, मग आम्ही यातून काय समजायचं?" क्लायंटसाठी माहिती शोधून देण्याच्या या कामात नव्याने आलेल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकते. माहिती कशी शोधायची ते अभ्यासक्रमात शिकवतात. शोधलेलं समोरच्याच्या हाती कसं द्यायचं, ते ज्याचं त्याने शिकायचं असतं. मला त्यात बरीच वर्षं गेली आणि आजही रिपोर्ट पाठवताना पोटात गोळा येतो.

आधी स्पष्टच सांगते. दोनशे लिंकांची एक्सेल फाइल पाठवून काम संपलं असं समजत असाल, तर ते अजून सुरूच झालेलं नाही. त्या दोनशेंतल्या कुठल्या आठ वाचायच्या हे ठरवण्याचेच पैसे क्लायंट तुम्हाला देतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. पदवीला तो सगळेच पाठ करतात, पण रिपोर्ट लिहिताना किती जणांना आठवतो?

पहिल्या पानावर क्लायंटचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. त्याखाली चार-पाच ओळींत उत्तर, आणि त्या उत्तराची तुम्हाला कितपत खात्री वाटते ते. निवडक संदर्भ त्यानंतर. प्रत्येक संदर्भापुढे तो का घेतला याचं एक वाक्य हवंच. लेखाचा सारांश तिथे चिकटवू नका, तो क्लायंटलाही वाचता येतो. "तुमच्या पद्धतीची थेट तुलना केलेला या यादीतला हा एकमेव लेख" असं वाक्य त्याच्या उपयोगाचं. बाकीचं सगळं परिशिष्टात जाऊ द्या. मांडणीबद्दल एवढं पुरे. ते सरावाने येतं, त्याची काळजी करू नका.

काळजी करायची ती ‘काही सापडलं नाही’ या वाक्याची. मी स्वतः इथेच सर्वांत जास्त अडले, म्हणून यावर जरा लांबण लावणार आहे.

तुम्ही लिहिता, "या विषयावर काही सापडलं नाही." क्लायंट वाचतो, "या विषयावर काही नाही." दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो क्लायंटच्या लक्षात येत नाही. यावा अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण शोध कुठे थांबला ते फक्त तुम्हाला माहीत असतं. तुम्ही सांगितलं नाही, तर तो थांबलाच नाही असं तो धरून चालतो.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर एक घडलेली गोष्ट ऐका. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलेली एक निरोगी, २४ वर्षांची स्वयंसेविका दगावली. प्रयोगाआधी शोध झाला होता. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस पाहिला होता, पाठ्यपुस्तकं पाहिली होती. पण पबमेडमधल्या नोंदी तेव्हा १९६६ पासूनच्या होत्या, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख होते १९५० च्या दशकातले. शोध जिथे थांबला त्याच्या पलीकडे धोका छापील स्वरूपात पडून होता. ‘१९६६ पूर्वीचं पाहिलेलं नाही’ एवढी एक ओळ ठळकपणे समोर असती, तर कदाचित कोणीतरी विचारलं असतं, "मग ते कोण पाहणार?"

पेटंटच्या कामात हाच सापळा कायमचा मांडलेला असतो. अर्ज दाखल झाल्यापासून, किंवा अग्रहक्काच्या तारखेपासून (म्हणजे त्याच कल्पनेसाठीचा पहिला अर्ज केला त्या दिवसापासून), साधारण १८ महिने तो प्रसिद्धच होत नाही. म्हणजे तुम्ही जगातले सगळे डेटाबेस पालथे घातले, तरी मधल्या काळातले बहुतेक अर्ज तुम्हाला दिसणारच नाहीत. अशा वेळी "या तंत्रावर पेटंट नाही" असं लिहिणं धोक्याचं आहे. मी साधारण असं लिहिते: "अमुक तारखेपर्यंत, या तीन डेटाबेसमध्ये, हे शब्द आणि हे वर्गीकरण संकेत वापरून शोध घेतला. जुळणारं पेटंट आढळलं नाही. गेल्या १८ महिन्यांतले अर्ज अप्रकाशित असू शकतात. चिनी आणि जपानी दस्तऐवज फक्त यांत्रिक भाषांतरातून पाहिले आहेत."

लांबलचक आहे, मान्य. पण यातला प्रत्येक तुकडा क्लायंटच्या निर्णयाशी जोडलेला आहे. तारीख, कारण डेटाबेस रोज बदलतात. शब्द, कारण त्याच्या धंद्यात त्याच वस्तूला वेगळं नाव असेल, तर तो ते वाचून लगेच सांगेल. हे वारंवार होतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. भाषा, कारण आपण बहुतेक जण इंग्रजीत शोधतो आणि तेच सगळं जग समजतो. आणि हा मजकूर पहिल्या पानावर, उत्तराला लागूनच हवा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘मर्यादा’ म्हणून टाकलेला मजकूर कोणी वाचत नाही.

नवख्यांना भीती वाटते की मर्यादा लिहिल्या तर आपण कच्चे वाटू. मलाही वाटायची. उलटंच होतं. कुठे पाहिलं नाही हे जो सांगतो, त्याच्या ‘पाहिलं’ वर क्लायंटचा विश्वास बसतो. फक्त सुरात माफी नको. "वेळेअभावी दुर्दैवाने पाहता आलं नाही" असं रडगाणं गाऊ नका. "हे पाहिलेलं नाही, पाहायचं असल्यास आणखी दोन दिवस लागतील" असं लिहा, म्हणजे ठरवणं त्याच्या हातात राहतं.

सापडलेल्या गोष्टींतही फसगत होते. एकाच वृत्तसंस्थेची बातमी चाळीस ठिकाणी छापून आली, तर तो पुरावा एकच, चाळीस नव्हेत. एखादा आकडा दहा अहवालांत दिसला, तर मागे जात जात मूळ गाठा. बरेचदा दहाही जण एकाच जुन्या अंदाजावर उभे असतात. आणि लेख मागे घेतला गेलाय का ते तपासा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, मधल्या बारा वर्षांत तो जगभर फिरला आणि शोधात तो आजही समोर येतो. पूर्ण पीडीएफ जोडण्याआधी डेटाबेसच्या परवान्याच्या अटीही वाचा. स्वतः वाचायची मुभा आणि पुढे पाठवायची मुभा या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता एआयबद्दल, कारण विचारणार आहातच. निकाल त्याच्याकडून सारांशित करून तसेच पुढे ढकलणं मला अजिबात मान्य नाही. सारांश गुळगुळीत येतो आणि नेमकी मर्यादाच त्यातून गळून जाते. शिवाय अस्तित्वात नसलेले संदर्भही ही साधनं छातीठोकपणे देतात. पर्यायी शब्द सुचवायला खुशाल वापरा. क्लायंटपुढे जाणारं प्रत्येक वाक्य मात्र मूळ लेख उघडून, तुमच्या डोळ्यांनी तपासलेलं हवं.

मार्गदर्शक निवडताना माझा एकच निकष आहे. "सगळं देऊन टाक, त्यांचं ते बघतील" असं सांगणाऱ्या वरिष्ठांपासून लांब राहा, मग त्यांचा अनुभव कितीही असो. तुमचा रिपोर्ट क्लायंट होऊन वाचेल आणि तिसऱ्या ओळीला "म्हणजे काय?" विचारेल, अशी व्यक्ती शोधा. ती तुमच्या क्षेत्रातली नसली तरी चालेल. कधीकधी नसलेलीच बरी.

पहिले काही रिपोर्ट लांबतील, विस्कळीत होतील. होऊ द्या. उत्तर आणि मर्यादा पहिल्या पानावर असतील, तर बाकीचं हळूहळू बसतं. पाठवून झालं की आठवड्याभराने क्लायंटला फोन करा आणि नेमकं काय वापरलं ते विचारा. "छान होतं" वर थांबू नका, कुठलं पान मीटिंगमध्ये उघडलं ते विचारा. आणि शोधाची नोंदवही, म्हणजे शब्द, फिल्टर, तारखा, प्रत्येक ठिकाणी आलेले निकाल, त्याच दिवशी भरून ठेवा. सहा महिन्यांनी तोच क्लायंट "तेव्हापासून नवीन काय आलं?" म्हणून येतो, तेव्हा ‘तेव्हा’ म्हणजे नक्की कुठवर, हे तुम्हाला त्या नोंदवहीतूनच कळणार असतं.