पूर येतोय: कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, पाणी कितीवर? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. बाहेरगावहून शिकायला आलेली, कॉट बेसिसवर म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन राहणारी मुलं ४३ ची वाट बघत बसतात. हालचाल ३९ लाच करायची असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. "उद्या सकाळी निघू" म्हणणारे अडकले. गावी जायचं असेल तर एसटी चालू आहे तोवर निघा.

"आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत" हीही फसवी समजूत. खोलीत पाणी शिरणार नाही, मान्य. पण नदीतून शहरासाठी पाणी उचलणारी उपसा केंद्रं बुडाली की नळ कोरडे पडतात. २०१९ आणि २०२१ ला शहरानं हे भोगलंय. मेसही बंद होते. बादल्या, कळशा, बाटल्या आधीच भरा. चुरमुरे, शेंगदाणे, रोजच्या गोळ्या, टॉर्च जवळ ठेवा. घरचे दोन नंबर कागदावर लिहा. मोबाइल बंद पडला की एकही आठवत नाही.

जीव तुटतो तो कागदांसाठी. पूर ओसरल्यावर आम्ही एका खोलीतला चिखल काढत होतो. कॉटखालची पत्र्याची ट्रंक उघडली, तर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांचा एकच ओला गठ्ठा झालेला. ती मुलगी पट्टीच्या कडेनं एकेक पान सोडवत होती आणि प्रत्येक पानाबरोबर शाई निघून येत होती. दुय्यम प्रती मिळतात, पण त्यासाठी हेलपाटे किती! मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. फोटो काढून घरी पाठवा, डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते आजच घ्या.

"धरण फुटलं" असा मेसेज आला की तो पुढे पाठवू नका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. दरवाजा उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे. शंका असेल तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा. आणि पाणी बघायला पुलावर जाऊ नका.

मदतीला धावणाऱ्या पोरांचं मला फार कौतुक आहे, म्हणूनच भीतीही वाटते. विहिरीत पोहता येतं म्हणून पुरात उतरायचं नसतं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका. निवारा केंद्रावर जेवण वाढायला, याद्या करायलाही माणसं लागतात.

पाणी उतरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका. चिखलात गमबूट घालूनच उतरा. पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या आजाराचा, धोका असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगा, की मी पुराच्या चिखलात काम केलंय.