गोधडी भिंतीवर टांगताय? मग नेफ्याच्या या चुका टाळा

प्रदर्शनाला गोधडी द्यायची म्हटलं की महिनाभर सगळा जीव समोरच्या बाजूवर, आणि मागचा नेफा मात्र आदल्या रात्री अकरा वाजता. हो, नेफाच, क्विल्टवाले स्लीव्ह म्हणतात पण परकराच्या नेफ्यासारखंच काम आहे, नाडीऐवजी दांडा एवढाच फरक.

माझी पहिली चूक म्हणजे घरातल्या पडद्याच्या रॉडच्या मापाने दीड इंचाचा नेफा शिवला, तिकडे त्यांचा दांडा मनगटाएवढा, तो शिरेचना, शेवटी सेफ्टी पिना. बऱ्याच क्विल्ट शोमध्ये 4 इंची नेफाच मागतात. त्यासाठी पट्टी 9 इंच रुंद कापा, अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो आणि उरलेली 8 इंची पट्टी दुहेरी दुमडून शिवली की 4 इंची नळी होते. लांबी गोधडीच्या रुंदीपेक्षा 2 इंच कमी, आणि दोन्ही टोकं आधीच दुमडून टीप मारून घ्या. फार आखूड केलात तर गोधडीचे वरचे कोपरे कानासारखे लोंबतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नेफा अगदी सपाट शिवणं. मग दांडा घातला की समोर आडवा फुगवटा येतो, अजगराने काहीतरी गिळल्यासारखा, आणि महिन्याभराच्या मेहनतीचं तेवढंच दिसतं लोकांना! वरची कड शिवून झाली की नेफ्याचा आतला थर गोधडीवर सपाट ठेवा, बाहेरचा अर्धा इंच वर सरकवून ढिला सोडा आणि मगच खालची कड शिवा. दांडा त्या ढिल्या पोटात बसतो, समोरची बाजू सरळ राहते.

टाके हातानेच घाला. जुन्या साड्यांची गोधडी असेल तर मागचं कापड विरलेलं असतं, नुसतं तेवढंच उचललंत तर वजनाने टरकन फाटणार, म्हणून गोधडीचा आतला एखादा थरही सुईवर घ्या, समोर मात्र टाका दिसता कामा नये. आणि टोकांना नेफ्याचा आतला थरसुद्धा गोधडीला शिवा हं, हे सगळेच विसरतात, मग दांडा नेफ्यात न जाता नेफा आणि गोधडीच्या मधे घुसतो.

गोधडी 6 फुटी असेल तर दांडा मधे वाकतो. अशा वेळी नेफ्याचे दोन तुकडे करा, मधल्या फटीतून हुक लावता येतो.

दांडा कच्च्या लाकडाचा नको, कापडाला डाग पडतात, व्हार्निश मारून पूर्ण वाळू द्या. डबल टेपने चिकटवायचा विचार असेल तर गोधडी घरीच ठेवा.