पडून राहिलेलं होडीचं मशीन चालू करताय? आधी दोरीला हात लावू नका

आमच्या दिवाळे गावात काकांची छोटी फायबरची होडी आहे, तिचं मशीन म्हणजे जुनं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, होडीच्या मागे बाहेरून टांगायचं. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तीन पावसाळे ते पडवीत गोणपाटाखाली पडून होतं. यंदा काढलं तर जो येतो तो दोरीच ओढायला बघतो, अरे थांबा ना जरा! आत गंज धरला असेल आणि तुम्ही जोरात दोरी मारली तर पिस्टनच्या रिंगांचं काय होईल?

आधी स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचं कव्हर काढून फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, हाताने हळू फिरवा, फिरलं की अर्धी लढाई जिंकली. नाही फिरलं तर डिझेल आणि ऑइल मिसळून ओता, दोन-तीन दिवस विसरून जा, मग परत बघा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका. आणि हो, पाणी आत जायच्या जाळीत आणि खालच्या भोकांत एक नजर टाका, आमच्याकडे कुंभारीण माशीने मातीचं घरच बांधलं होतं.

आता पेट्रोल. माझ्या मते ‘मेलं’ म्हणून भंगारात निघालेली निम्मी मशीनं नुसती जुन्या पेट्रोलने चोंदलेली असतात. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडची पावसाळी हवा तुम्हाला माहितीये. टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. होज, म्हणजे पेट्रोलची नळी, नेमका टाकीच्या तळातून ओढतो आणि टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे मशीन कोरडं घासणार. त्यामुळे सगळं काढून टाका, पण खाडीत ओतू नका प्लीज, गॅरेजवाल्याकडे द्या.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळतो तो भाग) उघडताना प्रत्येक स्टेपला मोबाईलवर फोटो काढा, नंतर स्वतःलाच दुवा द्याल. वाटीत पिवळा चिकट थर असेल, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बंद असतील, क्लीनर स्प्रे मारा, हवा मारा, पण सुई किंवा जाड तार घालू नका, भोक मोठं झालं की मशीन कायम पेट्रोल जास्त पिणार. गॅस्केट नवीनच टाका. होज आणि हाताने दाबायचा रबरी फुगा दाबून बघा, चिरा दिसल्या तर बदला, तिथे पैसे वाचवू नका.

पेट्रोल-ऑइलचं नवीन मिक्स बनवताना मॅन्युअल बघा, बऱ्याच मशीनला ५० ला १ चालतं, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल. ऑइल टीसीडब्ल्यू-३ लिहिलेलंच घ्या, स्कूटरचं नको, पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं ऑइल वेगळं असतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. मागे एकदा दुसऱ्या मशीनला ‘फक्त आवाज ऐकू’ म्हणून पाण्याशिवाय चालू केलं. अर्धा मिनिटही नसेल, थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या इंपेलरची, म्हणजे फिरत्या चाकाची, पाती जळाली. तो रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. शिवाय वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून पाती वाकडीच राहतात, म्हणून लांब स्टोरेजनंतर इंपेलर न बघता बदला. त्यासाठी मशीनचा खालचा पाय सोडवताना खाऱ्या पाण्याने बोल्ट धरलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, मी घाई केली आणि एक तोडला. इंपेलरला शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा तुकडा, त्याला चावी म्हणतात, पडतो कुठेतरी, खाली कापड पसरा.

गिअर ऑइल खालचा स्क्रू काढून सोडा. चहासारखं दुधाळ निघालं तर सील गेलंय, पाणी शिरतंय, नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. नवीन भरताना खालच्या भोकातून पंप करा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. प्लग नवे घाला.

मग मोठ्या ड्रममध्ये गोडं पाणी भरा, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल एवढं. गिअर न्यूट्रलला, मशीन झटक्यात बंद करणारा लाल दोरीवाला किल स्विच चालतोय का ते आधी तपासा, आणि हे उघड्यावर करा, बंद गाळ्यात धूर जीव घेतो. सुरुवातीला पांढरा धूर भरपूर येईल, सिलिंडरमध्ये ओतलेलं ऑइल जळतंय, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मागून पाण्याची धार आली पाहिजे. मिनिटभरात नाही आली तर लगेच बंद.

पहिली फेरी भरती लागतानाच मारा. मशीन बंद पडलं तर पाणी तुम्हाला आत ढकलेल, ओहोटीत बंद पडलं तर बाहेर वाहत जाल किंवा चिखलात बसून राहाल. वल्ही आणि नांगर सोबत ठेवाच. आणि मशीनच्या पाण्याच्या जाळीत कॅरीबॅग अडकली की धार बंद होते, आपल्या खाडीत ते दर फेरीला होतं, मागे बघत राहा.