मालिकेत व्यसनी पात्र लिहिताना

‘तो दारू पितो’ एवढं लिहून पात्र उभं राहत नाही. किती पितो, कधीपासून, दिवसातला पहिला घोट किती वाजता आणि घरात हे कोणाकोणाला ठाऊक आहे, हे पहिला संवाद लिहिण्याआधीच ठरवा. टीव्हीने सुरुवातीची बरीच वर्षं या प्रश्नांना बगल दिली. १९६० साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधला ओटिस आठवा. गावचा हा दारुडा स्वतःच किल्ली घेऊन कोठडीत शिरतो आणि झोपून नशा उतरवतो. प्रेक्षक हसतात, कारण त्या पिण्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. झोकांड्या खाणं म्हणजेच व्यसन, हा समज अशा पात्रांनी पक्का केला.

प्रत्यक्षात वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. दोन ग्लासांत पाहुणा बरळायला लागतो, पण पाच रिचवलेला यजमान सरळ चालतो आणि गाडीची किल्ली मागतो. म्हणून नशा संवादातून दाखवू नका, हालचालीतून दाखवा. प्यायलेला माणूस शुद्धीत असल्याचं सोंग आणतो. तो ग्लास जरा जास्तच जपून ठेवतो, दाराची कडी नीट बघून लावतो. ब्लॅकआउटही बेशुद्धी नव्हे. माणूस बोलतो, हिंडतो-फिरतो, फक्त मेंदूत नवी आठवण नोंदवली जात नाही. हा प्रसंग खरा रंगतो दुसऱ्या दिवशी. ‘काल सगळं ठीक झालं ना?’ असे मोघम प्रश्न विचारत तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून आदल्या रात्रीचा अंदाज घेत राहतो.

आता हिशेब. ४० टक्क्यांच्या ४५ मिली व्हिस्कीत सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. असे चार ग्लास उतरायला साडेपाच ते आठ तास लागतात. कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ हा वेग वाढवत नाही. तेव्हा रात्री एकपर्यंत पिणारं पात्र सकाळी सातला ऑफिसला निघालं, तर ते अजून नशेत असू शकतं, हे धरूनच पुढचा प्रसंग लिहा.

सर्वात जास्त चुका पिणं सोडण्याच्या प्रसंगात होतात. खोलीला कडी, दोन रात्री घामाघूम, तिसऱ्या सकाळी ताजातवाना नायक, हे लिहू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं, तर ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत असतो. भ्रमाची अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होते आणि तिच्यात जीवही जाऊ शकतो. म्हणजे तुमचा नायक ज्या सकाळी बरा होतो, नेमकी तीच वेळ सर्वात धोक्याची. हे बघून कोणीतरी घरी तसंच करून पाहील, म्हणून तिथे डॉक्टर आणाच.

पुढचा प्रश्न कथेला किती जागा द्यायची हा. १९८४ मध्ये ‘फॅमिली टाइज’मधला नेडमामा दारू मिळेना म्हणून स्वयंपाकघरातला व्हॅनिलाचा अर्क पितो. तपशील अचूक आहे, अमेरिकेत त्या अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. पण हा सगळा विषय अर्ध्या तासाच्या एका भागात बसवलेला आहे, आणि अशा ‘खास भागां’ची हीच अडचण असते. व्यसन एका भागात मावत नाही. मालिकेकडे वर्षं असतात, ती वापरा. ‘कॅग्नी अँड लेसी’ या पोलिस मालिकेत नायिकेच्या वडिलांचं पिणं आधीपासून पेरलेलं होतं, म्हणूनच १९८७ मध्ये ती, क्रिस्टीन कॅग्नी, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या मीटिंगला पोहोचते, तेव्हा ते उपरं वाटत नाही.

सोबर, म्हणजे दारू सोडलेलं, पात्रही तितक्याच बारकाईने लिहा. ‘चिअर्स’ मालिकेतला सॅम स्वतः बार चालवतो आणि प्यायलेल्या शेवटच्या बाटलीचं झाकण जपून ठेवतो. त्या एका वस्तूने लांबलचक भाषण वाचतं. हाच सॅम पुढे पुन्हा पिऊ लागतो. अशी घसरण दाखवायची तर तिची तयारी आधीच्या दोन-तीन भागांत करा: मीटिंग चुकते, मदत करणाऱ्याचा फोन टाळला जातो, मग ‘एकच’ घेतला जातो. केवळ धक्का द्यायला पात्राला प्यायला लावलं तर प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

सवयीचं पिणंही मोजून लिहा. घरात शिरताच प्रत्येक पात्र ग्लास भरत असेल, तर प्रत्येक ग्लासाला कारण विचारा आणि नसेल तर काढून टाका. ‘मॅड मेन’ने ऑफिसातली दारू आकर्षक दाखवली, पण मीटिंगच्या तोंडावर पँट ओली झालेला फ्रेडी रम्सनही दाखवला. या दोन्ही गोष्टी एकाच ऑफिसात घडतात, हे महत्त्वाचं.

आणि पटकथेत दर प्रसंगाला ग्लासाचा क्रमांक लिहा: दुसरा, अर्धा. चित्रीकरण क्रमाने होत नाही. नोंद नसेल तर पहिल्या घोटाच्या प्रसंगात नट चौथ्या ग्लासाचा अभिनय करून बसतो आणि संकलनात ते सुधारता येत नाही.