मरण ठरलेल्या पात्राची शेवटची शांत पानं : या चुका टाळा

फँटसी कॉमिकमधलं एखादं पात्र मरणार, हे लेखकाला आधीच ठाऊक असतं. घोळ होतो तो ते पात्राच्या तोंडून पाझरायला लागल्यावर. लढाईच्या आदल्या रात्री नायक सगळ्यांची माफी मागतो, धाकट्याच्या हाती तलवार देतो, राहून गेलेलं प्रेम बोलून टाकतो. याची घटका भरली, हे वाचकाला तिथेच कळतं आणि खरा मृत्यू येईपर्यंत त्याचं रडून झालेलं असतं.

इलाज असा : हा माणूस उद्या जिवंत असता तर आज रात्री काय करत बसला असता, ते शोधा आणि त्याला तेच करू द्या. ‘फ्रीरेन’ या जपानी मांगाच्या (कॉमिकच्या) पहिल्याच प्रकरणात म्हातारा हिमेल जुन्या सोबत्यांबरोबर उल्कावर्षाव बघायला जातो. तो पन्नास वर्षांनी एकदाच दिसणारा. पूर्वी ठरलेला बेत ते पुरा करतात, इतकंच. पुढे थेट त्याची अंत्ययात्रा येते, आणि आपण याला ओळखूनच घेतलं नाही, हे त्याच्या जुन्या सोबतिणीला, फ्रीरेनला, तेव्हा कळतं.

पात्राला स्वतःचं मरण दिसत असेल तर? मग उद्योगपर्वातली कर्ण-कुंती भेट पुन्हा वाचा. मला तरी याहून चांगली शाळा माहीत नाही. पांडव जिंकणार, हे कर्ण आधीच कृष्णापाशी बोलून चुकला आहे. गंगेकाठी हात वर करून, पूर्वेकडे तोंड करून त्याचा जप चालू आहे आणि पाठ तापेपर्यंत तो थांबत नाही. मागे त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत कुंती उभी. पुढच्या बोलण्यात टाकून दिल्याची तक्रार आहे, पण भर व्यवहारावर आहे : अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील. शेवटी कुंतीचा आशीर्वाद तेवढा येतो, तरी निरोप पुरता झाला.

चित्रकाराने यातली सावली उचलावी. कोन तोच ठेवून तीन चौकटी काढा : सकाळी लांब सावलीत उभी कुंती, मग आखडलेली सावली, मग पावलांवर आलेलं ऊन. इथेच दुसरी चूक कळते. शांत प्रसंग म्हणजे संवादाचे फुगे नसलेल्या रिकाम्या चौकटी, असा समज फार पसरला आहे. चार चौकटींत नुसता चेहरा आणि चंद्र आलटूनपालटून आला, तर वाचक सरळ पुढे जातो. मूक चौकटीत काहीतरी बदललं पाहिजे, मग ते कितीही बारीक असो.

पावसाची झड, कावळे, अचानक करडे पडलेले रंग हे सगळं काढून टाका. आधीच्या पानांची रंगसंगती तशीच चालू ठेवली की पुरे.

फँटसीत एक वेगळीच अडचण असते. तंबूत शांत संवाद चालू असतो आणि वाचकाच्या मनात येतं, ‘पण ती वैद्यीण मेलेल्याला उठवते ना?’ तो विचार आला की प्रसंग गेलाच. जादूची मर्यादा बऱ्याच प्रकरणांआधी, दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत दाखवून ठेवा. शेवटच्या प्रसंगात नियम समजावत बसलात तर तो सारवासारवीसारखा दिसतो.

आता पानांची मांडणी, कारण इथे चांगल्या संहिताही मार खातात. उघडलेल्या पुस्तकात दोन्ही पानं नजरेत एकदमच येतात. डाव्या पानावर हळुवार बोलणं आणि समोर उजवीकडे छातीत घुसलेला भाला असेल, तर बोलणं कुणीच वाचत नाही. शांत प्रसंग उजव्या, विषम क्रमांकाच्या पानावर संपवा. घाव पान उलटल्यावर, डावीकडे. मोबाईलवर खाली सरकवत वाचायचं कॉमिक असेल तर दोन चौकटींमध्ये निदान एका स्क्रीनइतकी मोकळी जागा सोडा आणि प्रत्यक्ष फोनवर वाचून पाहा. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ती जागा पुरेशी वाटते, पण दोन्ही चौकटी तिथे एकत्रच दिसत असतात.