मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. संगणक नसताना गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं होतं. तरीही तुमचा प्रोग्राम तिला संयुक्त ठरवत असेल, तर आधी एकेक भाजक लावून पाहणाऱ्या लूपची अट तपासा.

'भाजकाचा वर्ग संख्येहून मोठा झाला की थांब' ही अट गणिताच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही ठेवणाऱ्या) पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच! ४६३४१ चा वर्ग तिथे मावत नाही. जावामध्ये तो ऋण होतो, थांबायची अट कधीच पूर्ण होत नाही आणि भाजक वाढत वाढत थेट २१४७४८३६४७ पर्यंत पोचतो. मग संख्येला तिनेच भाग जातो आणि उत्तर येतं 'संयुक्त'. म्हणून वर्ग करू नका; संख्येला भाजकाने भागून येणारा भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबा. ६४ बिटांचा प्रकार वापरला तरी चालेल.

२ चा ६१ वा घात वजा १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, हीसुद्धा मूळ आहे. एक्सेल मात्र १५ अंकांपुढे शून्यं भरतं. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत तर शेवटचा १ होतो २, आणि मूळ संख्येची सम संख्या होते. तिथे बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा.

सगळ्यात फसवी चूक फर्माच्या कसोटीत होते. २ चा (संख्या वजा १) इतका घात घेऊन संख्येने भागला आणि बाकी १ उरली, की अनेकजण खूश होतात. पण घातांक मूळ संख्या असलेला २ चा घात वजा १, अशा रूपाच्या संख्या पाया २ घेतला (म्हणजे २ चाच घात केला) तर ही कसोटी नेहमीच पार करतात. २०४७ घ्या: २ चा ११ वा घात वजा १. घातांक ११ मूळ आहे, बाकीही १ उरते, तरी २०४७ = २३ × ८९. अशा संख्यांसाठी पाया २ ची फर्मा कसोटी काहीच सांगत नाही. मिलर-राबिन ही फर्माहून कडक कसोटी वापरा, ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्यांना २, ३, ५, ७ हे चार पाये पुरतात. मात्र त्यातले गुणाकारही चिन्हरहित ६४ बिटांत करा.

२ चा घात वजा १ अशा संख्यांसाठीची लुकास-लेमर कसोटी वापरत असाल तर पायऱ्या नीट मोजा. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग वजा २, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी. घातांक ३१ असेल तर हे बरोबर २९ वेळा करायचं. बाकी शून्य आली तर संख्या मूळ. एक पायरी जास्त झाली की शून्याचं वजा २ होतं आणि मूळ संख्या नापास होते. कोड आधी घातांक ५ वर चालवून पाहा: ४, १४, ८, ०.